न पटणारं वाचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून आम्ही आठ-दहा जण मागच्या खोलीत वाचायला बसतो. सहा वर्षं झाली. नवीन माणूस आला की तेच प्रश्न विचारतो, लोक फोनवरही विचारतात, दुकानात गर्दी असताना तर हमखास विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

हा नेमका काय प्रकार आहे? भिशी, सत्संग की व्याख्यानमाला?

भिशी नाही, कारण पैसे नाहीत. सत्संग नाही, कारण गुरू नाही. व्याख्यान नाही, कारण दहा मिनिटांवर कुणी बोलायला लागलं की बाकीचे खुर्च्या वाजवतात. आम्ही अख्खं पुस्तक क्वचितच घेतो. दहा-पंधरा पानं घ्यायची, मोठ्यानं वाचायची, मग बोलायचं. अट एकच : ती पानं आमच्यातल्या निदान एकाला तरी खटकली पाहिजेत. आणि ज्याला खटकतील त्यानंच ती वाचून दाखवायची.

'न पटणारं' म्हणजे वादग्रस्त लेखन का?

नाही. इथेच सगळ्यांची गल्लत होते, माझीही झाली होती. सुरुवातीला आम्ही विचारप्रवर्तक म्हणून नावाजलेलं काहीबाही आणायचो. अंधश्रद्धेवर एक झणझणीत लेख वाचला, सगळ्यांनी माना डोलावल्या, वडापाव खाल्ला, घरी गेलो. पुढच्या महिन्यात हुंडा. परत माना. तिसऱ्या की चौथ्या खेपेला सिस्टर (आमच्यातल्या एक जण नर्स आहेत, त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात) म्हणाल्या, "आपण इथं बसून नुसती दुसऱ्यांची अक्कल काढतोय."

खरं होतं ते. ज्या लेखात शेजाऱ्याचं चुकतंय तो वाचायला काय मजा येते! आपण 'डोळे उघडणारं' म्हणून जे पुढे पाठवतो, त्यातलं बहुतेक आपल्याला आधीच पटलेलं असतं. डोळे पलीकडच्यानं उघडायचे असतात.

तेव्हापासून आमची कसोटी साधी आहे. वाचताना तोंडातून "अगदी, अगदी!" निघालं तर ते पान आपल्यासाठी नाही. "हॅ, काहीतरीच!" निघालं तर कदाचित आहे. 'कदाचित' मुद्दाम म्हणतोय, कारण काही लेखन भंपक असतं म्हणूनही पटत नाही.

मग सुरुवात कशानं करावी?

आम्ही खरी सुरुवात केली ती ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना'नं. बुलढाण्याच्या बाई. १८८२ साली हे छोटं पुस्तक निघालं आणि त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक नाही. निमित्त सुरतेकडच्या एका खटल्याचं. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेनं आपलं मूल मारलं म्हणून तिला फाशी सुनावली, अपिलात ती कमी झाली, आणि वर्तमानपत्रांनी त्या निमित्तानं एकूण बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी उलट विचारलं की त्या मुलाला बाप होता की नव्हता? जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं.

वाचायला घेतलं गार्डकाकांनी. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेत, त्यांना ते खटकलं होतं. चष्मा पुसला, घसा खाकरला, सुरुवात केली. ताराबाईंची भाषा विनवणीची नाही. पाणवठ्यावर उभं राहून चारचौघींदेखत एखाद्याची खरडपट्टी काढावी तशी आहे. नवरा मेला की बाईनं केस काढून कोपऱ्यात बसायचं, तर बायको मेल्यावर पुरुषानं दाढीमिश्या भादरून रानात का जाऊ नये, असा त्यांचा रोख. आम्ही खळखळून हसलो. काका म्हणाले, "त्या काळी फारच वाईट होतं बायकांचं."

तेवढ्यात वरून माझी बायको चहाचा ट्रे घेऊन आली. दहा ग्लास. ट्रे कटिंग मशीनच्या कडेला टेकवला, मघाचे पाण्याचे ग्लास बोटांत अडकवून गोळा केले आणि वळली. सिस्टर म्हणाल्या, "वहिनी, बसा की."

"भाजी टाकलीय गॅसवर. चालू द्या तुमचं."

पहिल्या बैठकीपासून ती दर दुसऱ्या शनिवारी दहा जणांचा चहा करत होती आणि या खोलीत एकदाही बसली नव्हती. तिला बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं, मला तर नाहीच. १८८२ चं पान आम्हाला शब्दन् शब्द पटलं होतं. तो ट्रे कुणाला दिसला नव्हता. त्या दिवशी चर्चा झालीच नाही. चहा गार होईपर्यंत सगळे ग्लासाकडे बघत बसले.

तेव्हा सुरुवात कशानं करावी तर यानं करा. पण घरात वाचा. वाचनालयाच्या सभागृहात, बिसलेरीच्या बाटल्या मांडून वाचलंत तर काही होणार नाही.

एवढं जुनं कशाला? ते सगळं आता सगळ्यांना मान्यच आहे ना?

मान्य आहे म्हणूनच ते धोक्याचं आहे. आगरकरांचं घ्या. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. स्त्रियांनी जाकिटं घातलीच पाहिजेत, असं त्यांनी लिहिलं तर गदारोळ. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. आज तो लेख वाचताना हसू येतं, कारण जाकीट म्हणजे काय तर झंपर! यावरून कसला वाद घालायचा, असं वाटतं.

आम्ही काय करतो, हसून झालं की एक काम करतो. 'जाकीट' खोडून तिथे आजची वस्तू घालायची. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये मुलींना हाफ पॅन्ट. सासरी गाऊनवर ओढणी न घेता वावरणं. स्मशानात मुलीनं अग्नी देणं. मग बघा खोलीतला आवाज कसा बदलतो ते. आगरकरांच्या विरोधकांनी त्या वेळी जे मुद्दे काढले असतील, तेच 'आपली संस्कृती', 'आत्ताच कशाला', 'सोयीचं नाही' हे आमच्याच तोंडून बाहेर पडतात. प्रेतयात्रेच्या पुढच्या रांगेत आपण चाललो असतो की काय, अशी शंका मला त्या दिवशी पहिल्यांदा आली.

दुसरी गोष्ट लाहोरची. १९३६ साली तिथल्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. मंडळाचं नावच जातपात तोडणारं, म्हणजे ही काही सनातन्यांची सभा नव्हे. भाषणाचा मसुदा हातात पडल्यावर मंडळी चपापली. काही भाग गाळा म्हणाली. बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच रद्द झाली आणि न झालेलं ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती. जातिनिर्मूलनावरचं त्यांचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक ते हेच. मला त्यातल्या मजकुराइतकीच ही हकिकत महत्त्वाची वाटते. सुधारकांनाही टीका हवी असते, पण मापात शिवलेली.

आधी चिठ्ठी का लिहायला लावता?

विषय सांगितला की वाचण्याआधी प्रत्येकानं आपलं मत दोन ओळींत लिहून डब्यात टाकायचं. नाव घालायचं नाही. कारण वाचून झाल्यावर प्रत्येकजण म्हणतो, "मला हे आधीपासून वाटतच होतं." माणूस खोटं बोलत नसतो हो, त्याला खरंच तसं आठवतं. मत बदललं की जुनं मत आपल्या हातून गुपचूप पुसलं जातं, आणि मग आपण कधी चुकलोच नव्हतो असा हिशेब जमतो. चिठ्ठी असली की पंचाईत होते.

लाहोरच्या भाषणाची पानं वाचण्याआधी प्रश्न होता : 'तुमच्या घरात जात मानतात का?' नऊ चिठ्ठ्या, नऊ 'नाही'. दोघांनी तर खाली रेघ मारली होती. पानं वाचून झाल्यावर सिस्टरनी विचारलं, "घरातली शेवटची पाच लग्नं आठवा." आठवली. कुणी काही बोललं नाही.

त्या नऊ चिठ्ठ्यांतली एक माझी होती. माझ्या दुकानात रोज दोन-तीन लग्नाचे बायोडेटा टाईप होतात. त्याचा साचा मीच बनवलाय, वर गणपती, मग नाव, उंची, रक्तगट, जात, पोटजात. पोटजातीचा रकाना मी स्वतःच्या हातानं घातलाय, कारण आधीच्या साच्यात तो नव्हता आणि गिऱ्हाईक मागायचं. अजून काढलेला नाही. गिऱ्हाईक अजून मागतं.

तुम्ही म्हणे आकड्यांचा खेळ खेळता. तो काय आहे?

हा आमचा नाही. पीटर वेसन नावाच्या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. घरी करून बघा, पाच मिनिटं लागतात.

तुम्ही मनात एक नियम धरायचा आणि समोरच्याला सांगायचं, "२, ४, ६ हे माझ्या नियमात बसतं. तू आणखी तीन-तीन आकडे सांग, मी फक्त बसतं किंवा बसत नाही एवढंच सांगेन. खात्री पटली की नियम ओळख."

आमच्याकडे इंजिनीअरिंगचा एक पोरगा येतो. त्यानं विचारलं ८, १०, १२. बसतं. २०, २२, २४. बसतं. १००, १०२, १०४. बसतं. "झालं! दोन-दोननं वाढणारे सम आकडे." चूक. मग १, ३, ५ विचारलं, तेही बसलं. "दोन-दोननं वाढणारे कुठलेही." चूक. तो वैतागला. आम्हीही वैतागलो, कारण बाकीच्यांच्या मनात तेच उत्तर होतं.

कोपऱ्यात चाचा बसले होते. तंबोरे-सतारी बनवतात, मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते म्हणाले, "९, ५, १?" बसत नाही. "५, ९, ४०?" बसतं. "मग नुसतं चढत जातंय."

बरोबर. नियम एवढाच होता, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. वेसनच्या प्रयोगातही बहुतेकांचं पहिलं उत्तर चुकलं होतं, आणि कारण हेच. माणसं आपला अंदाज खरा ठरेल असेच आकडे विचारत राहतात. 'बसतं' ऐकलं की बरं वाटतं. 'बसत नाही' ऐकायला कुणी पैसे मोजत नाही, पण माहिती त्यातच जास्त असते.

पोरानं चाचांना विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? ते म्हणाले, "तार लावताना खुंटी जरा पुढं न्यायची, चुकीच्या बाजूला. कानाला टोचलं की कळतं बरोबर कुठं होतं ते." मला हा प्रयोग समजावून सांगायला याहून बरी भाषा अजून सापडलेली नाही.

म्हणजे फक्त समाजसुधारणा नाही, विज्ञानाचंही वाचता?

वाचतो, पण शाळेच्या पुस्तकासारखं नाही. घरातल्या वाक्यापासून निघतो. 'पूर्वीची माणसं शंभर-शंभर वर्षं जगायची, भाकरी-ठेचा खाऊन' हे वाक्य घ्या. कुणाच्या घरात नाही ते? माझी आजी ब्याण्णवव्या वर्षी गेली, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायची. आम्ही अभिमानानं सांगतो.

आता, स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. हे वाचलं की पहिली प्रतिक्रिया, आकडे खोटे. आमच्या चिठ्ठ्यांत एकानं लिहिलं होतं, 'सरकारी आकड्यांवर विश्वास नाही.' मग मी घरी जुनी वही काढली. आजीला एकूण अकरा मुलं झाली होती. वाढली पाच. आजीच्या दोन बहिणी बाळंतपणात गेल्या, त्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नव्हती. आम्ही आजीचे किस्से सांगत होतो, कारण किस्से सांगायला आजी उरली होती. त्या दोघी कुणाला काय सांगणार?

मात्र गंमत अशी की उलटी चूकही तितकीच होते. सरासरी ३२ म्हणजे सगळे बत्तिशीत मरत होते असं नव्हे. लहान मुलं इतकी दगावत की सरासरी खाली ओढली जायची. जो मोठा झाला तो पुष्कळदा म्हातारा व्हायचा. पोरानं हे पटकन धरलं, गार्डकाकांना दोन शनिवार लागले.

अशीच गोष्ट अब्राहम वाल्ड या गणितज्ञाची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तो लष्करासाठी हिशेब करत होता. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं जिथे जास्त, तिथे पत्रा जाड करावा असं कुणालाही वाटेल. वाल्डचं म्हणणं वेगळं. जिथे भोकं दिसत नाहीत तिथे पत्रा लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतच आलेली नाहीत. (हाच वाल्ड १९५० मध्ये भारतात आला असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून गेला. नियतीबद्दल मी काही बोलत नाही.)

हे ऐकून चाचा हसायला लागले. लोक त्यांच्याकडे येऊन म्हणतात, जुन्या तंबोऱ्याची सर नव्याला नाही, पूर्वीचे कारागीर म्हणजे काय हो! चाचा म्हणाले, "बेसूर तंबोरे आमच्या आज्यानंबी केले. ते कुणी जपून ठेवलं नाही. भोपळा फुटला, लाकूड चुलीत गेलं. जो गोड वाजायचा तोच राहिला." मग थोडं थांबून, "तरी जुनं लाकूड ते जुनं लाकूड. तेवढं मी सोडणार नाही." नका सोडू म्हटलं.

काविळीच्या झाडपाल्याच्या औषधावरही एक बैठक झाली. 'आमच्या गावचा अमुक औषध देतो, शंभर टक्के उतरते.' सिस्टरनी विचारलं, औषध न घेतलेले कितीजण बरे झाले, ते कुणी मोजलं? दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण उतरते, मग त्या दिवसांत जे काही घेतलं असेल त्याला श्रेय. पण कावीळ हे नुसतं लक्षण आहे, मागे काय दडलंय ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि उशिरा आलेले पेशंट त्यांनी बघितलेत. त्या बैठकीत त्यांचा आवाज चढला होता. आम्ही चढू दिला.

हे सगळं देवाधर्माच्या विरोधात आहे का?

आमच्यातले चौघे वारीला जातात. एक जण दरवर्षी पायी.

रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हे १९८४ चं पुस्तक आम्ही तुकड्या-तुकड्यांनी तीन महिने वाचलं. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, पुढे त्याचं वैष्णवीकरण झालं, त्याचे धागे दक्षिणेकडे थेट तिरुपतीच्या बालाजीशी जुळतात, असं ते पुराव्यानिशी मांडतात. पायी जाणारे आमचे वारकरी दादा पहिल्या दिवशी उठून निघून गेले. दुसऱ्या महिन्यात परत आले, म्हणाले, "तो धनगराचा असला तर माझं काय बिघडलं? उलट मी त्याच्या जास्त जवळचा झालो." दादा स्वतः मेंढ्या राखत मोठे झालेत. ढेऱ्यांचं लेखन कुत्सित नाही हे त्यांना कळायला महिना लागला, एवढंच. देवाचा इतिहास शोधणारा माणूस देवाचा शत्रू असतो, हे गृहीतक तेवढं पडलं.

इरावती कर्व्यांचा वारीवरचा 'वाटचाल' हा लेखही वाचा. पंढरीला ज्याचे लोक वारीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या सगळे सांगतात. पण त्याच लेखात एकाच दिंडीत अभंग एकत्र गायचे आणि जेवायची वेळ आली की पंगती जातीप्रमाणे वेगळ्या, याची त्यांना रोज वाटणारी खंतही आहे. ती कुणी सांगत नाही. दोन्ही एकाच बाईनं, एकाच वाटेवर लिहिलंय.

प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायची सवय लागली तर?

लागते. मलाही लागली होती, मध्यंतरी वर्षभर मी असह्य माणूस झालो होतो. लग्नात कुणी 'शुभ मुहूर्त' म्हटलं की मी सुरू. बायकोनं एकदा सरळ सांगितलं, "तुम्ही शिकला नाहीत, फक्त बाजू बदलली."

त्याहून मोठा धोका दुसरा आहे. तुकोबांचं 'मानियेले नाही बहुमता' हल्ली जो तो छातीवर लावून हिंडतो. सगळे एका बाजूला आणि मी दुसऱ्या, म्हणजे मीच खरा. पण ओळीचा पहिला अर्धा भाग लोक विसरतात : 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही'. आधी मनाला साक्षीला उभं करायचंय, नुसतं बहुमताला झिडकारायचं नाहीये. 'हे तुमच्यापासून लपवलं गेलं', 'डॉक्टर कधीच सांगणार नाहीत' अशा मजकुराचा तोराही बंडखोराचाच असतो. खरं तर ती आपल्याच मनातल्या संशयाला लावलेली साखर असते.

मला हा धंदा जवळून माहीत आहे. मोबाईल नव्हते तेव्हा लोक पत्रकं घेऊन दुकानात यायचे. अमक्या देवीच्या मंदिरात साप प्रकटला, हे वाचून शंभर प्रती वाटा, एकानं फाडलं तर त्याचा मुलगा गेला. शंभर प्रती! माझं शटर त्या पत्रकांवर उघडं राहिलंय. देवीनं माझं कधी वाईट केलं नाही, हे मान्य करायला हवं.

कुणाचं मत खरंच बदलतं का?

फार क्वचित, आणि कधीच त्या खोलीत नाही. समोर चारचौघं असताना माणूस मत बदलत नाही, फक्त आवाज खाली आणतो. बदल दिसतो तो सहा महिन्यांनी, भलत्याच ठिकाणी. गार्डकाकांनी धाकट्या मुलीच्या लग्नात कन्यादान वगळलं. आम्हाला सांगितलंही नाही, आम्ही जेवायला गेलो तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणाले, "वेळ कमी होता." बरं.

इंग्रजी येत नाही. जमेल?

जमेल. चांगलं मराठीतच भरपूर पडलंय. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक बघा, १९२७ ते १९५३, मरेपर्यंत एकट्यानं चालवलं. संततिनियमनावर उघड बोलतात म्हणून कॉलेजातली गणिताची नोकरी त्यांना सोडावी लागली होती. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. नुसती प्रश्नोत्तरं होती ती. हे पान लिहिताना ते मला अधूनमधून आठवतंय.

भांडणं होतात का?

होतात. राजकारणावर झालेलं भांडण मिटत नाही असा अनुभव आहे, म्हणून चालू निवडणुकीचा विषय घेत नाही. हा आमचा भित्रेपणा समजा.

मुलांना आणलं तर चालेल?

दहावीच्या पुढची आणा. त्याहून लहान मुलं प्रश्न फार चांगले विचारतात, पण मग आईबाप बोलायचे थांबतात.

पानं झेरॉक्स करून वाटता, हे कायद्यात बसतं का?

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. फुले, आगरकर, ताराबाई, र. धों. कर्वे, बाबासाहेब यांचं मूळ लेखन त्यातून मोकळं झालंय, ते मी छापून देतो. इरावतीबाई आणि ढेरे यांचं नाही. ती पुस्तकं वाचनालयातून आणतो आणि एकाच प्रतीवरून मोठ्यानं वाचतो. धंदा झेरॉक्सचा असला तरी.

फी किती? येताना काय आणायचं?

फी नाही. पेन आणा, चिठ्ठीसाठी. चष्मा असेल तर चष्मा, मागच्या खोलीत ट्यूब एकच आहे.

आणि चहा?

पाळी आहे. दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलीय, आलात की तुमचंही नाव शेवटी लागेल. बायको यादीत सातवी आहे, आणि बसते ती चाचांच्या शेजारी, खिडकीकडे. या महिन्यात पाळी माझी. आल्याचा जमत नाही, साधा मिळेल.